भाचीच्या कॉलेजात मावशी

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी जेवायला बसली तरी दोन घासांच्या मध्ये उठून खिडकीतून डोकावून यायची, म्हणून. वडील गेले, ती एकोणचाळिशीला आली, तरी नाव सुटलं नाही, कारण स्वभावच सुटला नव्हता. तिने खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांना डोळे बसवले, फोटो स्टुडिओत लोकांच्या हनुवट्या सरळ केल्या, थिएटरच्या खिडकीत तिकिटं फाडली, दातांच्या दवाखान्यात फोन उचलले. कुठूनही तिला कुणी काढलं नाही. उलट सगळीकडे तिचं बरंच चालायचं. आणि नेमकं बरं चालायला लागलं की तिच्या तळपायांना मुंग्या यायच्या. मग एका सकाळी ती साहेबांसमोर उभी राहून सांगायची, "मी उद्यापासून येणार नाही." का, ते तिलाही सांगता यायचं नाही. एकदा लग्नही ठरलं होतं. ते मोडलं समोरच्या माणसाने, पण नाव झालं भिंगरीचं. "हीच टिकली नसेल," असं लोक म्हणाले. तिने खुलासा करायचाही कंटाळा केला.

ती राहायची मोठ्या बहिणीकडे. ताई इस्पितळात नर्स, वॉर्डाची प्रमुख. तिच्या घरात टॉवेलच्या घड्यासुद्धा दरारा असल्यासारख्या सरळ बसत. भाऊजी रंगाच्या कंपनीत गोदाम सांभाळत. बोलणं इतकं कमी की ते घरात आहेत की नाहीत हे चपलांवरून ओळखायचं. आणि त्यांची एकुलती एक लेक, ठकी. सतरा वर्षांची झाल्यावर ठकीला या नावाचा भयंकर राग येऊ लागला होता, पण घरात तिचं कोण ऐकतंय. मागच्या खोलीत मावशी-भाची एकत्र झोपत. मावशीने इतक्यांदा पलंग इकडचा तिकडे केला होता, की सकाळी उठून कुठल्या बाजूने पाय खाली टाकायचे हे ठकीला आधी बघावं लागे.

त्या वर्षी ठकीची शाळा संपली आणि कॉलेज निवडायची वेळ आली. ताईला सुट्टी मिळेना, तेव्हा भाचीला कॉलेजं दाखवून आणायचं काम भिंगरीकडे आलं. तिला तेव्हा नोकरी नव्हतीच.

पहिलं कॉलेज काचेचं होतं. सगळं इतकं चकचकीत की ठकी दारातच हळू आवाजात म्हणाली, "मावशी, इथे मला शिंकसुद्धा येणार नाही." दोघी पत्रक घेऊन बाहेर पडल्या. दुसरं कॉलेज नदीपलीकडे, जुन्या इमारतीत. तिथे केस कापायचा, केशरचनेचा कोर्स होता. लांबलचक खोलीत आरशांच्या रांगा, खुर्च्यांवर खरीखुरी माणसं, आणि त्यांच्या मागे ठकीच्याच वयाची मुलं तोंडात क्लिपा धरून उभी. ठकी दारात थबकली ती हलेचना. भिंगरीने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे भानावर आली. परतताना बसमध्ये ती समोरच्या बाईच्या अंबाड्याकडे एकटक बघत होती.

घरी विषय निघाला तसा ताईने तो तिथेच झोपवला. "लोकांची डोकी भादरायला कॉलेज कशाला हवं? कोपऱ्यावरचा माणूस काय पदवी घेऊन बसलाय?"

ठकीने बापाकडे बघितलं. बापाने ताटात बघितलं. भिंगरी म्हणाली, "ताई, तिला आवडलं होतं ते."

"आवडण्याचं तू मला सांगू नकोस," ताई म्हणाली. "तुला आजवर काय काय आवडलं, मोजायला बोटं पुरायची नाहीत."

शेवटी ताईनेच ठरवलं: बस स्टँडमागचं मोठं कॉलेज, ऑफिसच्या कामाचा कोर्स. टायपिंग, फायली, फोनवरचं बोलणं. खुर्चीतली नोकरी मिळेल, पायांना व्हेरिकोजच्या फुगलेल्या शिरा होणार नाहीत. ताईच्या स्वतःच्या पायांना त्या होत्या, हेही खरं. ठकीने मान डोलावली.

प्रवेशाच्या दिवशी रांग मोठी होती. ठकी रांगेत उभी राहिली, आणि भिंगरीला उभं राहवेना. "जरा पाय मोकळे करून येते," म्हणून ती निघाली. एक जिना उतरली, एक ओसरी ओलांडली, आणि एका लांब शेडमध्ये शिरली. आत प्लायवूडची खोपटी होती, ओळीने, प्रत्येकाला तीन भिंती आणि छप्पर नाही, एखाद्या घराच्या कोपऱ्याएवढी. त्यांच्या भिंतींवर पाइप, बोर्ड, होल्डर. वायरिंग शिकायची जागा. एक टकले गृहस्थ टेबलाशी बसले होते. त्यांना वाटलं, ही कोर्सची चौकशी करायला आली. त्यांनी एक पक्कड आणि वायरचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "सोला बघू. आतली तार न कापता."

पहिल्यांदा तार कापली गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वरचं प्लास्टिक अलगद निघून आलं, आणि आतली तांब्याची तार लखलखली. त्यांनी तिच्याकडून दोन टोकं जोडून घेतली, बटण दाबायला लावलं. दिवा लागला.

आता दिवा काय, तिने जन्मभर लावला होता. पण हा तिने लावला होता. ठकी रांगेतून मोकळी होऊन मावशीला शोधत आली, तेव्हा मावशी प्रवेशाच्या दुसऱ्या खिडकीसमोर उभी होती.

"तू इथे काय करतेस?"

"मी पण," भिंगरी म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

ठकीला मात्र आलं नाही. घरापासून जरा सुटका मिळेल, तिथे ठकी म्हणणारं कुणी नसेल, एवढाच काय तो त्या कॉलेजात तिच्यासाठी गोडवा होता. त्यावरही मावशी येऊन बसली. बसथांब्यावर ती कडक आवाजात म्हणाली, "कॉलेजात माझ्याशी बोलायचं नाही. ओळख दाखवायची नाही. आणि ते नाव तर मुळीच नाही."

"कबूल."

ताई तर कपाळावर हात मारून बसली. "नव्याचे नऊ दिवस," ती म्हणाली. "दहाव्या दिवशी घरी."

कॉलेज सुरू झालं. पहिल्याच तासाला भिंगरी वर्गात शिरली, तर मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मावशी, तेवढा फळा पुसून घ्या ना." त्याला ती झाडलोट करणारी वाटली. तिने फळा पुसला, हात झटकले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. वर्गात असं हसू फुटलं की बाहेरून लोक डोकावले. तेव्हापासून ती सगळ्या कॉलेजची मावशी झाली. कँटीनवाला मावशी म्हणे, ग्रंथालयातली बाई मावशी म्हणे. त्यामुळे एक बरं झालं, ठकीच्या तोंडून चुकून "मावशी" निघालं तरी कुणाला संशय येण्याचं कारण उरलं नाही.

शेडमधल्या टकल्या सरांना मुलं फ्यूज सर म्हणत, कारण ते उडत लवकर. खोपट्यात तिचा जोडीदार म्हणून आला तोच फळा पुसायला लावणारा पोरगा. त्याला सगळे लंबू म्हणत. खोपट्याला छप्पर नसल्याने त्याचं डोकं बाहेरून दिसे. त्याचा हात चांगला होता, पण भर उजेडातही बसल्याजागी झोपायची त्याला खोड होती. भिंगरीची खोड उलटी. एक बोर्ड अर्धा झाला की तिला शेजारच्या खोपट्यात काय चाललंय ते बघायचं असे. फ्यूज सर ओरडत, "बाई, तुमच्या भिंतीवर या!" दुपारच्या सुट्टीत सगळे कँटीनमध्ये पाय ताणून बसत, ही आसपासचे रस्ते पालथे घाली.

नऊ दिवस गेले, महिना गेला, दोन गेले. ती अजून जात होती, यात निश्चयाबिश्चयाचा भाग नव्हता. दर आठवड्याला काहीतरी नवं निघायचं. आज घंटा, उद्या पंखा, परवा मीटर. मुंग्या यायला पायांना सवडच मिळाली नाही.

ठरल्याप्रमाणे ती ठकीकडे बघायची नाही. पण कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर ठकीचा घोळका बसे, तिकडे नजर जायचीच. एके दिवशी घोळका होता, ठकी नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. भिंगरीला वाटलं, भांडण झालं असेल. घरी ठकी वेळेवर यायची, दप्तर खुंटीला लावायची, "कसं झालं कॉलेज?" विचारलं की "बरं" म्हणायची. पण तिच्या बोटांची टोकं सुरकुतलेली असत, तासन्‌तास पाण्यात असल्यासारखी, आणि अंगाला शाम्पूचा घमघमाट.

कोडं सुटलं ते भिंगरीच्या पायांमुळे. दुपारच्या भटकंतीत ती एका नव्या गल्लीत वळली. केस कापायचं एक दुकान होतं, बायकांचं. काचेतून सहज बघितलं, तर बेसिनपाशी अॅप्रन बांधून ठकी उभी, एका बाईचं डोकं धूत.

भिंगरी आत गेली आणि खुर्चीवर बसली. आरशात ठकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आईला सांगणार आहेस?"

"मी केस कापायला आलेय."

"मला कात्री देत नाहीत अजून. फक्त धुवायला देतात."

"मग धू."

ठकीने तिची मान बेसिनवर टेकवली, पाणी हातावर घेऊन किती गरम आहे ते बघितलं, मग सोडलं. घरी कपबशी विसळताना फोडणारी ही पोरगी. तिची बोटं कानामागून मानेपर्यंत इतक्या खात्रीने फिरत होती की भिंगरीला तिच्या तोंडाकडे बघायची पंचाईत झाली. ती डोळे मिटून पडून राहिली.

"तिथे मला काही समजतच नाही असं नाही गं," ठकी वरून म्हणत होती. "समजतं. पण दहा वाजता वाटतं, चार वाजले असतील. इथे उलटं होतं."

"मला हे सांगून उपयोग नाही. मी काय म्हणणार? मी आयुष्यात सोडण्यापलीकडे काय केलंय? पण सोडलं ते तोंडावर सांगून सोडलं. तू चोरून सोडतेयस."

"तुझी आई होती का माझ्या आईसारखी?"

यावर भिंगरीला हसू आलं आणि नाकात पाणी गेलं. खोकून झाल्यावर ती म्हणाली, "आईला सांग. या आठवड्यात."

"सांगते. पुढच्या आठवड्यात. नक्की."

पुढचा आठवडा आला, गेला. त्याच्या पुढचाही. भिंगरी रोज ठरवायची, आज आपणच ताईच्या कानावर घालू. पण ताई ड्यूटीवरून येई, पाय स्टुलावर टाकी, आणि म्हणे, "चला, एकीचं तरी मार्गाला लागलं." मग भिंगरी उठून ताटं घ्यायला लागे. सांगावं तर पोरीचा विश्वास जातो, न सांगावं तर बहिणीचा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ही, धड उभं राहता न येणारी.

त्याचा परिणाम कामावर झालाच. सहामाहीला प्रत्येकाला जिन्याचं वायरिंग करून दाखवायचं होतं: दिवा खालच्या बटणाने लावायचा आणि वरच्या बटणाने मालवायचा, आणि उलटही. भिंगरीला ते पाठ होतं. पण त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हतं. कुठली तार कुठे गेली कोण जाणे. तिने बटण दाबलं आणि फाट्‌कन आवाज होऊन अख्ख्या शेडची वीज गेली. परीक्षक अंधारात म्हणाले, "हा कुणाचा जिना?" फ्यूज सर नेहमीप्रमाणे उडतील असं सगळ्यांना वाटलं. ते उडाले नाहीत. नुसते म्हणाले, "मावशींचा." ते तिला जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी ती घरी पोचली, तर ताई दारातच उभी. कॉलेजातून वॉर्डात फोन आला होता: तुमची मुलगी सहा आठवडे गैरहजर आहे. ठकी आतल्या खोलीत रडत होती, आणि रडता रडता तिच्या तोंडून निघून गेलं होतं की मावशीला माहीत आहे.

"तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"होतं."

"आणि रोज माझ्यासमोर बसून जेवत होतीस."

"तीच तुला सांगणार होती—"

"तिला सोडायचं कुणी शिकवलं? घरात एक शाळा उघडलीय ना तू, सोडण्याची! कधी कुठे मूळ धरलं नाहीस, आता तिचंही उपटलंस."

भाऊजी खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि तसेच परत आत गेले. एरवी भिंगरी जिभेला कमी नव्हती. पण ताईचं अर्धं खरं होतं, आणि कुठलं अर्धं ते तिला त्या क्षणी निवडता येईना. दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली.

तिला खोली मिळाली ती कॉलेजच्याच रस्त्यावर, सायकल दुकानाच्या माळ्यावर. खोली म्हणजे एक पलंग, एक नळ, आणि समोरच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. मनात पक्कं होतं की आता कॉलेज बंद. नापास झालोच आहोत, बाई मूळ धरत नाही हे सगळ्यांना माहीतच आहे. पहिला दिवस तिने खोलीत काढला. पलंग या भिंतीला लावला, त्या भिंतीला लावला. मग लक्षात आलं की तिसरी जागाच नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत ती चारदा जिना उतरून चढून आली. खाली सायकलवाला म्हणाला, "बाई, काही हरवलंय का?"

अकराला ती शेडमध्ये होती. लोक पुढे म्हणत, जिद्दीने परत आली हो. ती स्वतः हे कधी म्हणाली नाही. जाणार कुठे, एवढाच प्रश्न होता, आणि त्या रस्त्यावर तेवढं एकच मोठं दार उघडं होतं.

लंबूने तिला बघून जांभई दिली. "बरं झालं आलात. तुमची बडबड नसली की मला फारच झोप लागते. काल शिडीवर लागली." आणि त्याने सरकून तिला भिंत मोकळी करून दिली.

ताईने ठकीला कॉलेजात परत धाडलं, आणि रोज संध्याकाळी हजेरीची चौकशी सुरू केली. ठकी जात राहिली. पण आता दुपारच्या सुट्टीत ती खिडकीच्या टेबलाकडे जायची नाही. सगळ्यांच्या देखत शेडच्या दारात येऊन हाक मारायची, "मावशी!" आणि खोपट्यात खोक्यावर बसून डबा खायची. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "मी तुझं नाव घ्यायला नको होतं."

"मग काय खोटं बोलणार होतीस? जेव."

दोघींचं त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. लंबूला मात्र तेव्हाच कळलं की ही खरीच भाची, आणि त्याला फार मोठा धक्का बसला. त्याच्या मते कॉलेजातल्या सगळ्यांत चांगल्या बातम्या त्याच्या झोपेतच होऊन जात.

जिन्याची परीक्षा भिंगरीने पुन्हा दिली. दिवा खालून लागला, वरून विझला, वरून लागला, खालून विझला. परीक्षकांनी उगाचच आणखी दोनदा बटणं दाबली. वर्षाच्या शेवटी ती पास झाली, वरच्या रांगेत नाही, मधल्या. ठकी दोन विषयांत सुटली, बाकीच्यांत गेली.

निकालाच्या दिवशी घरात काय झालं ते ठकीने नंतर सांगितलं. ताई बोलत होती, बोलतच होती. आणि मध्येच भाऊजी म्हणाले, "नापास झाली ते बरं झालं. पास झाली असती तर आपण तिला जन्मभर तिथेच बसवलं असतं." वर्षभराचे शब्द साठवून ठेवल्यासारखे त्यांनी ते काढले आणि पेपर उघडला. ताईला काय बोलावं ते सुचेना. असा प्रसंग त्या घरात पहिलाच.

नदीपलीकडच्या कॉलेजात ठकीला घेऊन ताई स्वतः गेली. कात्र्या कशाने धुता, कंगवे उकळता का, डोक्याला जखम असेल तर काय करता, असं तिने तिथल्या शिक्षिकेला इतकं उलटसुलट विचारलं की ती बाई म्हणाली, "आमच्या मुलांना एक तास घ्याल का?" ताईने घेतला. पण यातलं काहीही तिने धाकट्या बहिणीला कळवलं नाही. भिंगरीही आपणहून गेली नाही. दोघींची तोंडं दोन दिशांना, आणि ठकीची आपली दोन्हीकडे ये-जा.

भिंगरीला नोकरी मिळाली मोठ्या इमारतींचे दिवे-पंखे सांभाळणाऱ्या कंपनीत. आज शाळा, उद्या गोदाम, परवा कुठलं तरी कार्यालय. पाठीवर पिशवी, हातात शिडीचं एक टोक. एक दिवस गाडी इस्पितळाच्या दारात थांबली. तिसऱ्या मजल्यावर वॉर्डाचे अर्धे दिवे गेले होते. भिंगरी दार ढकलून आत गेली, तर टेबलाशी ताई.

ताईने कामावरच्या आवाजात विचारलं, "किती वेळ लागेल?"

"तासभर. जास्तीत जास्त."

"त्या कोपऱ्यातल्या आजोबांना आवाज सहन होत नाही. ड्रिल लावायचं असेल तर आधी सांग."

"ड्रिल नाही लागणार."

भिंगरी शिडीवर चढली. खाली ताई एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होती, आणि प्रत्येक फेरीत शिडी हलत तर नाही ना ते बघून जात होती, हे वरून तिला चांगलं दिसत होतं. दिवे लागले. एका पोरसवदा नर्सने चहा आणून दिला. "सिस्टरांनी पाठवलाय," म्हणाली. ताई स्वतः आली नाही. चहात साखर जास्त होती, भिंगरीला लागते तशी.

त्यानंतर ती अधूनमधून घरी जेवायला जाऊ लागली. राहायला मात्र गेली नाही, आणि ताईनेही म्हटलं नाही. ठकी तिचे केस कापते, आता कात्रीनेच, आणि दर वेळी वेगळे, त्यामुळे इमारतींचे रखवालदार तिला ओळखत नाहीत आणि ओळखपत्र मागतात.

या नोकरीला आता तिसरं वर्ष आहे. तिच्या हिशेबी हे फारच झालं. मागच्या महिन्यात एका सकाळी शिडी उतरताना तळपायांना त्या ओळखीच्या मुंग्या आल्या, तेव्हा ती घाबरली. साहेबांच्या दारापर्यंत गेलीही. आत ते फोनवर होते. बाहेर उभी असताना तिने लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडलं, आणि वरच्या बाजूला कुठेतरी मोटर घरघरली. ती आत शिरली नाही. मान वर करून ऐकत राहिली. हे चालतं कसं, ते तिला माहीत नव्हतं.

कॉलेजात लिफ्टच्या दुरुस्तीचा संध्याकाळचा वर्ग असतो, असं फ्यूज सरांनी सांगितलंय. ती परवा चौकशी करून आली. घ्यायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही.